पडायची गाडी

भिकाबाई बासष्ट वर्षांच्या आहेत आणि त्यांना उंचावरून खाली पडायला आवडतं.

हे मला कळलं तेव्हा मी आमच्या दुकानात बसले होते. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान आहे. अम्मी बांगड्या भरते. मी मराठी घेऊन बी.ए. झाले आणि सध्या तिच्या शेजारी बसते. बाजाराच्या दिवशी भिकाबाई पुसेगावकडच्या बंजारा तांड्यावरून जीपने येतात. त्यांना बांगड्या घ्यायच्या नसतात. त्यांचे पांढरे चुडे दंडापर्यंत गच्च बसलेले आहेत. त्या पाणी पितात, सावलीत बसतात आणि बोलतात.

त्या दिवशी म्हणाल्या, "मदीनाबी, तुझी पोरगी शिकलेली हाय. तिला इचार, खाली पडताना पोटात तसं काहून होतं?"

"कसं?" मी विचारलं.

"लेकरू पोटात पयल्यांदा फिरतं ना, तसं. मला पाच येळा झालं. मग वय झालं, बंद पडलं. आता जत्रेतल्या पाळण्यात बसलं का होतं."

अम्मी तोंडाला पदर लावून हसली. "रुबीना, सुनी क्या? ये बुढी को पाळणा होना!"

 तेव्हापासून आमची मैत्री आहे.

त्यांना ही गोडी ट्रकवर लागली. लग्नानंतर काही वर्षं त्या ऊसतोडीला जायच्या. परत येताना रिकाम्या ट्रकच्या टपावर सगळ्यांचं बिऱ्हाड असायचं. घाट उतरायला लागला की बाया डोळे मिटून देवाचं नाव घ्यायच्या. भिकाबाई उभ्या राहायच्या. भावसिंग, त्यांचे मालक, खालून त्यांच्या फेटियाचा घेर धरून ठेवायचे. फेटिया म्हणजे त्यांचा आरसे लावलेला घागरा.

"तुम्हाला भीती वाटायची नाही?"

"मला कशाला वाटंल? भीती त्यांच्याकडं होती ना. दोघांची."

पुढे तोड सुटली. तीन एकर रान आहे, त्यात हळद आणि सोयाबीन. दोन म्हशी आहेत. भावसिंग त्या म्हशी सोडून कुठे जात नाहीत. मुलगा रणजीत गोरेगाव ते हिंगोली जीप चालवतो. तो आईला 'याडी' म्हणतो. हळद शिजवून, घासून मोंढ्यावर गेली की दर उन्हाळ्यात तो जीपची पाटी काढून ठेवतो आणि घरच्यांना फिरायला नेतो. बाकीचे लोक देवाला जातात. ही माणसं पार्कात जातात. अकोल्याकडचं झालं, औरंगाबादचं झालं. प्रत्येक ठिकाणी भिकाबाई आधी वर बघतात. सगळ्यांत उंच काय आहे, ते शोधतात. रोलर कोस्टर हा शब्द त्यांना येतो, पण त्या त्याला पडायची गाडी म्हणतात.

गेल्या वर्षी ते हैदराबादला गेले होते. तिथली पडायची गाडी सगळ्यांत मोठी. भिकाबाई रांगेतून वरपर्यंत गेल्या आणि फाटकावर त्यांना अडवलं.

अडवलं ते घुगरीमुळे. दोन्ही कानांजवळच्या केसांत त्यांनी चांदीचे झुबके गुंफलेले असतात. ती घुगरी. लग्नात केसांत बांधतात आणि नवरा गेल्यावरच सोडतात. फाटकावरचा माणूस कानाकडे बोट दाखवून म्हणाला, "निकालो." भिकाबाई वळल्या आणि जिना उतरून खाली आल्या.  त्यानंतर दुकानात त्यांनी पाळण्याचं नाव काढलं नाही. पूर्ण वर्ष.

यंदा चैत्र संपता संपता आल्या आणि मला म्हणाल्या, "रुबी, तू चाल आमच्यासंगं. तुला तिकडली बोली येती. तू भांड."

"काय भांडू?"

"घुगरी काढनार न्हाई म्हनावं. अन् गाडीत बसनार म्हनावं."

मी अम्मीकडे बघितलं. अम्मी म्हणाली, "जा. घर में तो रोज भांडती."

*

सकाळी जीप दुकानासमोर आली. पुढच्या सीटवर रणजीतशेजारी भावसिंग बसले होते. पांढरं धोतर, लाल पागोटं, मांडीवर पिशवी. मला वाटलं, हिंगोलीला उतरतील. हिंगोली मागे पडली.

मी सुनिताला कोपराने ढोसलं. सुनिता म्हणजे रणजीतची बायको. ती साडी नेसते, घुगरी घालत नाही. ती कानात म्हणाली, "सकाळी आंघोळ करून सगळ्यांच्या आधी गाडीत बसले. म्हशी प्रेमदासकाकांकडं बांधल्या. कोणाला काही बोलले न्हाई."

सहा वर्षांच्या नातीने आजोबांना सरळ विचारलं. "दादा, तुमी काहून आले?"

"हवा खायला."

"हवा तर तांड्यावर बी हाय."

"ती शिळी झाली."

भिकाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. पण हसल्या.

नांदेडच्या बाहेर एका छोट्या पार्कात थांबलो. तिथे एक हिरवी अळीच्या आकाराची गाडी होती. फारतर घराच्या पत्र्याइतकी उंच. तिथे कुणी काही काढायला सांगितलं नाही. भिकाबाई नातीला घेऊन बसल्या, दोन फेऱ्या मारून उतरल्या.

"कशी होती?" रणजीतने विचारलं.

"रेड्यावर बसल्यावानी."

धपाटे खाल्ले. रात्री सुनिताच्या बहिणीकडे देगलूरला राहिलो. सकाळी पुन्हा निघालो. रस्त्याच्या पाट्या तेलुगू झाल्या. रणजीत गाणं लावत होता, भावसिंग बंद करत होते. भिकाबाई मला परत परत विचारत होत्या, "काय म्हनशील?" मी वाक्य म्हणून दाखवायची. त्या म्हणायच्या, "बराबर. पन जरा जोरात."

*

ती गाडी दुरूनच दिसली. निळ्या लोखंडाचा डोंगर होता. वर जाताना ती कडकड वाजत हळू चढायची. टोकाला थांबल्यासारखी व्हायची. मग माणसांच्या किंकाळ्या.  भिकाबाईंनी मान वर करून पूर्ण एक फेरी बघितली.

"चांगली हाय," त्या म्हणाल्या. जणू बैल बघायला आल्या होत्या.

आम्ही सगळेच जिना चढलो. बसणाऱ्या आम्ही दोघीच होतो. रणजीतने आधीच सांगितलं होतं, "मी जीप चालवतो. मला दुसऱ्याच्या गाडीत मळमळतं." भावसिंग शेवटी चढत होते, गुडघ्यावर हात ठेवून.

फाटकावर या वेळी एक मुलगी होती. माझ्याच वयाची. पार्कचा टीशर्ट, डोक्यावर टोपी. तिने भिकाबाईंना बघितलं आणि माझं भांडण सुरू व्हायच्या आत ती म्हणाली, "याडी."

भिकाबाई चमकल्या. मुलगी निजामाबादकडच्या तांड्यावरची होती. बोली तीच. दुकानात बसून बसून मला ती बोली समजते, बोलता येत नाही. इथे मी मराठीत लिहिते आहे.

"याडी, घुगरी काढावी लागंल."

"तुला म्हाईत हाय का, ती कवा काढत्यात?"

"म्हाईत हाय. माझ्या आजीलाबी हाय." मुलीने मान खाली घातली. "पन वरून पडताना ती उडाली, मागच्याच्या डोळ्यात गेली तर? मागं लेकरंबी असत्यात."

भिकाबाईंनी मागे रांगेतल्या लेकरांकडे बघितलं. गेल्या वर्षी हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नुसतं बोट दाखवलं होतं.

मी पुढे झाले. रस्ताभराची तयारी होती. हिंदीत म्हणाले, ओढणीने डोकं बांधू. मुलगी म्हणाली, कपडा सुटा चालत नाही, ओढणी कमरेला खोचावी लागेल. मी म्हणाले, हाताने दाबून धरतील. ती म्हणाली, हात दांड्यावर पाहिजेत. मी धर्म, परंपरा, संस्कृती असे शब्द वापरले. ती शांतपणे ऐकत होती. ती म्हणाली, "दीदी, मैं भी वही हूँ ना."

भिकाबाईंनी माझा दंड धरला. "राहू दे. बराबर बोलून राहिली पोरगी. दुसऱ्याचा डोळा हाय."

त्या जिन्याकडे वळल्या. जिन्याच्या तोंडाशी भावसिंग उभे होते. दम लागला होता.

"काहून वळली?"

"काढा म्हनते." त्यांनी कानाला हात लावला.

वरून गाडी गेली. भावसिंग ती जाईपर्यंत थांबले.

"हे कवा काढत्यात?"

"तुमाला म्हाईत न्हाई?"

"मानूस गेल्यावर. मी गेलो का?"

"रस्त्यात काय बी बोलून राहिले!"

"गेलो का, सांग."

"न्हाई."

"मग बस हितं. अन् दे माझ्या हातात. माझ्या नावाचं हाय ना? मी धरतो."

तिथे कठड्याला लागून एक लोखंडी बाक होता. भिकाबाई बसल्या नाहीत. त्यांचा आवाज बारीक झाला. "तुमाला काय झालं तर?"

"मला काय व्हतं? मी बाकड्यावर बसून राहिलो. पडायला तू चालली."

रणजीत फसकन हसला.

"लोक काय म्हनतील?"

"कोनते लोक? सगळा तांडा म्हशीजवळ हाय."

भिकाबाई बसल्या. सुनितासमोर कान केला. सुनिता दोन पावलं मागे सरकली. तिने हात पाठीमागे घेतले.

"याडी, मी न्हाई सोडनार. माझ्या हातानं न्हाई."

कुणी तिला बोललं नाही. तू सोड म्हणून माझ्याकडेही कुणी बघितलं नाही. मग भावसिंग बायकोशेजारी बसले. त्यांची बोटं जाड आहेत, हळदीने नखांच्या कडा पिवळ्या झालेल्या आहेत. ते एक एक पेड सोडायला लागले. म्हशीच्या खुरातला खडा काढताना माणूस जसा वाकतो, तसे वाकले होते. वेळ लागला. रांग पुढे जात राहिली. फाटकावरची मुलगी लोकांना आत सोडत होती आणि मधून मधून इकडे बघत होती.

"दुखतंय का?"

"न्हाई. वढा."

एक बाजू सुटली. मग दुसरी. भावसिंगनी दोन्ही झुबके तळहातावर ठेवले आणि मूठ मिटली. भिकाबाईंच्या कानांजवळची जागा गोरी होती. चाळीसेक वर्षं तिथे ऊन पोचलं नव्हतं. त्यांनी तिथे हात फिरवला. मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, ताप बघतात तसं.

"जित्ता हाव," भावसिंग म्हणाले. "जाय आता."

*

मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसले. छातीवर दांडा आला. मुलीने तो दोनदा ओढून बघितला. भिकाबाईंची ओढणी कमरेला घट्ट होती. फेटियाचा घेर त्यांनी मांड्यांखाली दाबला. डोकं उघडं. पांढरे केस.

गाडी चढायला लागली. मी मराठी साहित्यातलं जे काही पाठ होतं ते सगळं विसरले. मला फक्त अम्मी आठवत होती. भिकाबाई खाली वाकून बघत होत्या.

"ते बघ, लाल पागोटं."

मला बघता येत नव्हतं.

"बसलेले हाय. हालून राहिले न्हाई."

टोकाला गाडी थांबल्यासारखी झाली. भिकाबाई म्हणाल्या, "हं."

मग आम्ही पडलो. मी ओरडले. सगळी गाडी ओरडली. एकदा डोळे उघडले तेव्हा भिकाबाईंचे डोळे उघडे दिसले. तोंड मिटलेलं होतं. एक हात दांड्यावर होता आणि दुसरा पोटावर. त्या ऐकत होत्या, असं मला वाटलं. अशा जागी कुणी काय ऐकत असेल, मला माहीत नाही.

 उतरताना त्यांनी मला धरून आणलं.

भावसिंग तसेच बाकावर होते. ताठ. नात त्यांच्या मुठीची बोटं उघडायचा खेळ करत होती आणि ते उघडू देत नव्हते. आम्हाला बघून त्यांनी मूठ पुढे केली.

"घे. बांध."

भिकाबाई समोर उभ्या राहिल्या. दम घेत होत्या. गाल लाल झाले होते. त्यांनी त्या मुठीवर आपला हात ठेवला, पण ती उघडली नाही.

"झालं का तसं, पोटात?" मी विचारलं.

"झालं." मग नवऱ्याला म्हणाल्या, "अजून एकदा जाऊ का?"

"अजून?"

"आता काढलंच हाय तर."

रणजीत कपाळाला हात लावून खाली बसला. सुनिता हसली, तिचे डोळे भरले होते. भावसिंगनी मूठ परत मांडीवर घेतली आणि दुसरा हात त्या मुठीवर ठेवला.

"जाय."

फाटकावरच्या मुलीने त्यांना रांगेत उभं केलं नाही. "याडी, पुढं बसतीस का?" असं विचारून तिने पहिल्या डब्यात एकटीला बसवलं. सुनिता आणि रणजीत कठड्याशी गेले. मी भावसिंगांजवळ बसले.

ऊन वाढलं होतं. त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. पुसायला हात मोकळा नव्हता. ते म्हणाले, "पोरी, पानी हाय का?"

मी बाटली पुढे केली. त्यांनी हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी झाकण काढलं आणि बाटली त्यांच्या तोंडाला लावली. ते लहान मुलासारखं प्यायले. थोडं पाणी मिशीवरून धोतरावर सांडलं.

वर कडकड आवाज सुरू झाला. त्यांनी वर बघितलं नाही.

"टोकाला आली का?"

"नाही. चढते आहे."

"चढू दे," ते म्हणाले. "घाई न्हाई."