हिरव्या दिव्याची खोली

“निरोप पोचलाय का ते आधी बघू,” असं म्हणत बाई रोपांचा ट्रे नाकाजवळ धरायच्या. मी बाईंच्या हाताखाली शिकवायचे त्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्र विभागात हे वाक्य इतकं रुळलं होतं, की चहाला उशीर झाला तरी कोणीतरी तेच म्हणायचं.

निरोप पानाच्या आतला. पानाला हिरवं ठेवणारी हरितलवकं पेशीत एकीकडे, आणि त्यांना लागणारी बहुतेक जनुकं दुसरीकडे, केंद्रकात. हरितलवकाचं काही बिघडलं की ते केंद्रकाला कळवतं आणि केंद्रक त्या जनुकांचं काम आवरतं घेतं. बाई औषध घालून हरितलवकं मुद्दाम बिघडवायच्या. रोपं पांढरीफटक उगवायची. त्यातल्या काहींना तो निरोप पोचतच नसे. आत सगळं ठीक असल्यासारखं केंद्रक राबत राही. “ही माझी बहिरी,” बाई कौतुकाने म्हणायच्या. मला ती रोपं बघवत नसत.

ती अंधारात वाढवायची, म्हणून खोलीत एकच मंद हिरवा दिवा. झाडांना तो उजेड फारसा जाणवत नाही. माणसं मात्र त्यात सगळी सारखीच दिसतात, भुतासारखी. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा दचकलेच. बाई म्हणाल्या, “घाबरू नका, अजून जिवंत आहे.”

डोक्याला स्कार्फ गुंडाळून, वर गॉगल लावून स्कूटर हाणणाऱ्या बाया तुम्ही सिग्नलला पाहिल्याच असतील. बाई कसब्यातून तशाच यायच्या. दिवाळीनंतर त्या तशाच थेट खोलीत शिरू लागल्या. स्कार्फ आत सोडायचा, आतच गुंडाळायचा. तास त्यांनी मला देऊन टाकले. डबाही तिथेच. “बाई समाधी घेणार बहुतेक,” असं आमचे एक सर म्हणाले आणि आम्ही हसलो.

डबा भरलेलाच परत जाताना दिसला म्हणून मी विचारलं, “जेवला नाहीत?”

“उपवास.”

“आज काय आहे?”

“बुधवार.”

पुढे विचारायची सोय नव्हती.

मग एका दुपारी लाइट गेली. पंखा बंद पडल्यावर आत गुदमरायला होई, म्हणून बाई भिंतीला धरत बाहेर व्हरांड्यात आल्या. ऊन थेट तोंडावर. स्कार्फ नाही, गॉगल नाही. डोळे हळदीसारखे पिवळे, गळा, हात, सगळंच पिवळं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी पिवळ्या पानावरून रोग ओळखायला शिकवते.

“बाई, तुमचे डोळे...”

“वनस्पतिशास्त्र शिकवता ना? लवकर ओळखलंत.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“एवढी रोपं हाती येऊ द्या, मग डॉक्टरांना दाखवणारच होते.”

मी भर व्हरांड्यात त्यांच्यावर ओरडले. इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता.

स्वादुपिंडात गाठ निघाली. उशीर झालाय, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. लोणी काळभोरला बाईंचा मोठा भाऊ होता, सख्खं असं तेवढंच. त्याला त्यांनी फोनवर ‘साधी कावीळ’ एवढंच कळवलं होतं.

तो भेटायला येणार त्या दिवशी मी हॉस्पिटलात बसले होते.

“दादा वर येतोय. तेवढा पडदा ओढा. आणि तो दिवा बंद करा.”

“त्यांना कळायला नको का, बाई?”

“ओढा हो.”

मी पडदा ओढला. खोलीत काळोख झाला. भाऊ आला, उशाशी बसला, बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

“बरी दिसतीस की गं. उगं जिवाला घोर लावलास.”

“मग? सांगितलं होतं ना,” बाई म्हणाल्या.

निश्चिंत होऊन तो शेवटची बस गाठायला निघून गेला. रविवारी सगळ्यांना घेऊन येतो म्हणाला होता. बाई शुक्रवारीच गेल्या.

स्मशानात तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. रागावला नव्हता, फक्त विचारत होता.

“मी बघितली तवा बरी हुती ओ. तुमी हुताच की तिथं.”