बोटांमधलं केळीचं पान

लग्नाला दोन वर्षं झाली होती. रावेतला, सासरी, नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते. त्याच सकाळी रटरटणारं पिठलं माझ्या उजव्या हातावर सांडलं. पिठलं पाण्यासारखं ओघळून जात नाही, चिकटून बसतं. पुसलं तेव्हा त्याबरोबर बोटांची सालही निघाली.

सासूबाईंनी तूप-हळद लावली आणि चारही बोटं एकत्र करून एकावर एक दोन फडक्यांत बांधली. सुटी बांधली असती तर पंजा फुगला असता, पदराखाली झाकला गेला नसता. पाहुण्यांना कळू नये एवढंच त्यांच्या मनात होतं. मलाही ते बरं वाटलं. पाहुणे पसंती सांगून गेले. पुढे तीन आठवडे वरचं फडकं बदलत राहिलो, आतलं सोडवताना दुखायचं म्हणून ते तसंच ठेवलं.

सोडलं तेव्हा मधलं बोट आणि करंगळीजवळचं बोट एकमेकांना जोडली गेली होती.

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ती कापून सुटी केली. नर्सबाईंनी मलम लावलेल्या जाळीच्या कापडाच्या पट्ट्या दिल्या. म्हणाल्या, "कच्च्याला कच्चं लागलं की परत जुळतं. नवी कातडी येईपर्यंत मधे न चिकटणारं काहीतरी हवंच."

पट्ट्या पाच दिवसांत संपल्या. सहाव्या दिवशी धुतलेलं फडकं घातलं, ते काढताना रक्त आलं.

"आता भाकरी कोन थापनार? मी काय जलमभर पुरनार हाय?" सासूबाई म्हणाल्या.

गावातली एक सून पाय अधू झाल्यावर माहेरी धाडली होती, ती परत आली नव्हती.

आमच्याकडे तांदळाच्या पिठाचे पानगे केळीच्या पानात भाजत. पीठ पानाला चिकटत नाही. परसातलं कोवळं पान मी डाव्या हाताने कापलं, उकळलं, तूप लावून बोटांमधे ठेवलं. संध्याकाळी ते अलगद सुटून आलं. रोज दोनदा बदलत गेले.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी चिमट्याने बोटांमधली पट्टी उचलली. "हे काय?"

सासूबाईच बोलल्या, "केळीचं पान हाय. माझीच अक्कल."

"उकळलं होतं?"

"व्हय. येवढं कळतं आमाला."

"मग आजी, ही अक्कल पहिल्या दिवशी कुठे होती?"

"तवा पाव्हनं येनार व्हतं."

डॉक्टर हसले. पानाची अक्कल खरी कुणाची होती ते मी सांगितलं नाही. बोटं सुटी राहिली, एक जरा वाकडं झालं.

महिन्याभराने मी भाकरी थापली. तीन बोटं नीट उमटली, चौथ्याचा ठसा पुसट आला. भाकरी फुगली. सासूबाईंनी ती तव्यावरून उचलून आपल्या ताटात घेतली आणि पिठाचा डबा माझ्याकडे सरकवला.