जीव खाऊन आवळलेला नट

बंदरावर होडीला फायबर लावतानाचा उग्र वास आला की मला दादाची कार्बन-फायबरची हलकी सायकल आठवते. बोटीवर नोकरीला असलेल्या दादाने ती परदेशातून जुनीच आणली होती. त्याच्या पुढच्या सुट्टीआधी ती नवी करायची म्हणून मी पडवीत तिला नवे ब्रेक, नवी सीट बसवली. सीट खाली सरकत होती, म्हणून लोखंडी सायकलीच्या सवयीने नट जीव खाऊन आवळला, तर कट्कन नळीलाच तडा गेला. मिरजोळ्याचा वेल्डर टिचकी मारून म्हणाला, “लोखंड असतं तर जोडलं असतं. ह्याला मी काय करू?” शेवटी होड्यांच्या कारागिराकडून फायबरची पट्टी मारून घेतली. दादा आला, त्या जाड गाठीवरून त्याने बोट फिरवलं, “छान केलीस हो,” म्हणाला आणि सुट्टीभर सगळीकडे चालत गेला. एकदा ओरडला असता तर आज हा वास मला नुसता वासच वाटला असता.