तळं रिकामं करू नका

"मॅडम, पाऊस काल दुपारीच थांबला आणि भिंत आज सकाळी पडली," चेअरमन बोरसेसाहेब फोनवर म्हणाले. आवाज अगदी शांत होता, म्हणजे ते चांगलेच चिडले होते.

मी स्कूटर काढली आणि पाथर्डी फाट्याकडे निघाले. नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी सिव्हिल इंजिनीअर, स्वतःचं छोटं ऑफिस, कामं बहुतेक ड्रेनेजची आणि भिंतींची. बोरसेसाहेबांची सोसायटी म्हणजे एका तळ्याभोवती बावीस बंगले. तळं कसलं, मुरुमाची जुनी खाण ती. बिल्डरने कडेने काळ्या मातीचा भराव टाकला आणि ब्रोशरमध्ये 'लेक व्ह्यू' छापून मोकळा झाला. आदल्या वर्षी तळं भरून चार बंगल्यांच्या हॉलमध्ये पाणी शिरलं, तेव्हा मला बोलावलं होतं. पाणी बाहेर काढणारा पाइप जेमतेम नऊ इंची होता, तोही गाळाने अर्धा बुजलेला. मी दीड फुटी पाइप टाकला, त्याला चाकाचा व्हॉल्व्ह बसवला. शिवाय बांधात एक सांडवा केला. सांडवा म्हणजे बांधाला मुद्दाम ठेवलेली सखल जागा. तळं काठोकाठ भरलं की जास्तीचं पाणी तिथून आपोआप वाहून जातं.

या पावसाळ्यात एकाही घरात पाणी शिरलं नाही. मी खूश होते. पण अकरा नंबरच्या मागचा काठ तळ्यात पडायला लागला होता.

अकरा नंबर गायकवाड सिस्टरांचा. सिव्हिल हॉस्पिटलात सगळी नोकरी करून रिटायर झाल्यावर बांधलेलं घर. एकट्या राहायच्या. पहिल्या वेळी त्यांची गुलाबांची रांग गेली, दुसऱ्या वेळी कढीपत्त्याचं झाड, आणि आज मागची कंपाउंड वॉल. मी टेप लावला. काठ ते स्वयंपाकघराची भिंत, नऊ फूट.

सिस्टर शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, "नऊ ना? मागच्या वेळी चौदा होते."

मला शरमल्यासारखं झालं. लाटांनी काठ झिजतो म्हणावं तर एवढ्याशा तळ्याला कुठल्या लाटा? रस्त्याचं पाणी त्या बाजूने उतरतं म्हणावं तर ते आम्ही आधीच वळवलं होतं. बोरसेसाहेबांचं मत, घुशी. आणि सगळ्यात मोठं कोडं म्हणजे धो धो पावसात काठ टिकायचा आणि ऊन पडलं की कोसळायचा.

व्हॉल्व्ह चालवायचं काम जाधवकाकांकडे होतं. मूळ दिंडोरीकडचे, अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, आता याच सोसायटीत मुलाकडे राहायचे. काकांना रिकामं बसवत नसे. कारखान्यात मशिनचं लॉगबुक ठेवायचे तसं त्यांनी तळ्याचं लॉगबुक ठेवलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. पाऊस कधी लागला, कधी थांबला, भिंतीवर रंगवलेल्या पट्टीवर पाणी किती फूट, व्हॉल्व्ह किती आटे उघडला. निळ्या शाईत, एकही खाडाखोड नाही.

मी बांधावरच बसून ते वाचायला घेतलं. पहिली पडझड झाली त्याच्या आदल्या दिवशी: पाणी नऊ फूट, पाऊस थांबला, व्हॉल्व्ह फुल. संध्याकाळी पाणी चार फूट. दुसरी पडझड, पुन्हा फुल, पुन्हा एका दिवसात पाच फूट खाली. तिसऱ्या पडझडीच्या पानावरही तेच होतं. कॉलेजात एका लेक्चरला ऐकलेली गोष्ट समोर घडत होती, आणि ती घडवणारा व्हॉल्व्ह माझा होता.

गोष्ट सोपी आहे. तळं भरलेलं असताना काठाची माती आतपर्यंत पाणी पिते आणि जड होते. तरी ती उभी राहते, कारण समोरून तळ्याचं पाणी तिला रेटा देत असतं. तळं एकदम उपसलं की हा आधार जातो. मातीच्या पोटातलं पाणी मात्र आतच अडकतं. काळी माती ते लवकर सोडत नाही. मग तो जड, ओला काठ घसरून खाली येतो. जुन्या नऊ इंची पाइपने तळं इतक्या वेगाने उतरूच शकत नव्हतं.

"काका, दर वेळी पूर्ण का उघडता?" मी विचारलं.

"पानी चढलं का जीव वर-खाली होतो मॅडम. सिस्टरांचं घर हाय तिथं. म्हनून लय घाई करतो," काका म्हणाले. "आन् तुम्हीच म्हनले व्हते, पानी वाढलं का खोला."

म्हटलं होतं. किती खोला, ते सांगितलं नव्हतं.

तीन दिवसांनी पुन्हा जोराचा पाऊस झाला आणि रविवारी सकाळी उघडला. तळं नऊ फुटांवर. मी पोचले तेव्हा बांधावर निम्मी सोसायटी जमली होती आणि काका चाकाला हात घालून उभे होते. मी सांगितलं, तळं रिकामं करू नका. फक्त दोन आटे उघडा, दिवसाला अर्ध्या फुटापेक्षा जास्त पाणी उतरू द्यायचं नाही.

एकच गलका झाला. बोरसेसाहेब म्हणाले की, भरलेलं तळं एका बाईच्या स्वयंपाकघराला लावून ठेवा असं सांगणारी इंजिनीअर त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. मी सांडवा दाखवला, जास्तीचं पाणी तिथून जाईल म्हणून सांगितलं. पण खरं सांगते, पक्की खात्री मलाही नव्हती. लॉगबुकातल्या तीन नोंदी एवढाच पुरावा होता माझ्याकडे. चुकले असते तर घर माझं जाणार नव्हतं.

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "जलोदराच्या पेशंटचं पोट पाण्याने फुगतं. नातेवाईक म्हणतात, काढा ना सगळं एकदम. आम्ही काढत नाही. एकदम काढलं की बीपी पडतं, पेशंट कोसळतो. थोडं थोडंच काढायचं असतं." त्या काकांकडे वळल्या. "जाधव, दोनच आटे."

माझं आख्खं लेक्चर त्या बाईने चार वाक्यांत संपवलं होतं. मला इतका आनंद झाला की त्यांना मिठी मारावीशी वाटली. बोरसेसाहेब होते म्हणून मारली नाही.

सिस्टरांना मी समोरच्या बंगल्यात राहायला पाठवलं, काठावर बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि खुंट्यांना दोरी ताणून बांधली. माती हलली तर दोरी सैल पडणार. सिस्टर राहायच्या समोर, पण दर चार तासांनी येऊन दोरी बघायच्या आणि पेशंटच्या तापासारखा तिचा चार्ट लिहायच्या. मी रोज दोन चकरा मारत होते. पाणी साडेआठवर आलं, आठवर आलं. काका पट्टीसमोरून हलत नव्हते. सातव्या दिवशी पाणी साडेपाच फुटांवर होतं आणि दोरी पहिल्या दिवशी होती तशीच ताठ. मी काठावर वाकून टेप धरला. नऊ फूट. पुन्हा धरला. नऊच. मी तिथेच ओरडले, आणि काकांनी इतक्या जोरात टाळी दिली की हात झणझणला.

दिवाळीनंतर पक्कं काम केलं. काठाचा उतार सौम्य केला, मातीतल्या पाण्याला वाट मिळावी म्हणून आत खडीने भरलेला चर काढला, वर सिमेंट न लावता दगड रचले आणि फटींमध्ये मुळांनी माती धरून ठेवणारा वाळा लावला. व्हॉल्व्हला दोन आट्यांच्या पुढे जाऊच नये असा स्टॉपर काकांनी अंबडहून स्वतः करून आणला. पुढच्या पावसाळ्यात काठ इंचभरही हलला नाही.

जनरल मीटिंगमध्ये काहीजण काकांना बोल लावायला निघाले होते. मी उभी राहिले आणि चूक माझी होती हे मिनिट्समध्ये लिहून घ्यायला लावलं. काकांनी चाक फिरवलं ते घर वाचवायला. मी चाक देऊन निघून गेले होते.

तेव्हापासून ड्रॉइंगवर सही करण्याआधी मी दोन प्रश्न विचारते. हे चालवणार कोण? आणि तो घाबरला की काय करेल? पहिल्याचं उत्तर प्रत्येक साइटवर वेगळं मिळतं. दुसऱ्याचं एकच आहे: चाक पूर्ण फिरवेल.