दोन खोल्या एकदम बोलल्या तेव्हा

शिंदखेड्याकडच्या आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिलीच. इंग्रजी बोलताना अडखळते म्हणून दोन ठिकाणी नकार मिळाला होता. जळगावच्या एका लहानशा ऑफिसात मात्र तिथल्या प्रमुखांनी, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, माझ्यापुढे छापलेला कोड सरकवला. म्हणाले, "हा मराठीत वाचून दाखव." कोड मोठ्याने वाचायचा, ही त्यांची रीतच होती. मी वाचला आणि नोकरी मिळाली. ते उपकार मी विसरलेले नाही.

आम्ही केळी पिकवण्याच्या खोल्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. खोल्यांत काय घडलं याची नोंद ठेवणारा कोडचा भाग, म्हणजे लॉगर क्लास, भाऊंनी स्वतः लिहिला होता. सी प्लस प्लसमध्ये << असं एक चिन्ह आहे. मुळात ते आकड्यातले बिट, म्हणजे शून्य-एकचे अंक, डावीकडे सरकवतं. भाऊंनी आपल्या क्लासपुरता त्याला वेगळा अर्थ दिला होता: पुढे जे येईल ते नोंदीत लिही. आधी खोलीचं नाव, मग <<, मग घडलेली गोष्ट. ती ओळ वाचताना वाक्यासारखी वाटायची.

एक दिवस असोद्याच्या रस्त्यावरच्या एका मालकांचा फोन आला. त्यांच्या दोन नंबरच्या खोलीतला माल अर्धा हिरवाच राहिला होता आणि नोंदीत लिहिलं होतं, "खोली दोन दार उघडले". मध्येच दार उघडलं की पिकवणारा वायू निघून जातो. खोल्या सांभाळणाऱ्या अक्का आमच्याच तालुक्यातल्या, अहिराणी बोलणाऱ्या. मालक त्यांना कामावरून काढायला निघाले होते.

मी अक्कांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "मी दार उघाडं नही वो माय. चार नंबरनी खोली रिकामी व्हती, ती धुई टाकी. पन कोन आयकस?"

मी नोंदीचा कागद काढला. अख्खी ओळ होती: "खोली चार खोली दोन दार उघडले तापमान अठरा". सुरुवातीचं "खोली चार" कोणीच मनावर घेतलं नव्हतं.

भाऊंचा क्लास चुकलाय, असं त्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं? मी म्हटलं, "भाऊ, मला हे समजत नाहीये. तुम्ही चार नंबर व्हा, मी दोन नंबर होते. एकदम वाचू या का?"

"शाळा भरवलीस की!" ते हसले, पण खुर्ची ओढून बसले.

"खोली चार," ते म्हणाले.

"खोली दोन," मी.

"दार उघडले."

"तापमान अठ..."

त्यांनी हात वर केला. हसू गेलं होतं. प्रत्येक << आपला तुकडा लगेच लिहून मोकळा होत होता आणि दोन खोल्या एकाच वेळी बोलल्या की तुकडे एकमेकांत शिरत होते.

"म्हणजे त्या बाईंचं काम माझ्यामुळे जात होतं," ते म्हणाले. "दुरुस्त तू कर. फोन मी करतो."

मी << चा अर्थ तोच ठेवला. फक्त आता प्रत्येक वाक्य आधी स्वतःजवळ जमा व्हायचं आणि पूर्ण झालं की एकदमच लिहिलं जायचं. तोवर दुसऱ्याने थांबायचं.

मागून भाऊंचा आवाज येत होता. "चूक आमची आहे, शेठ. उघडलं ते चार नंबरचं दार. तुम्ही दोन नंबरच्या दाराची रबरी पट्टी बघून घ्या." मालक फोन चालू ठेवून बघायला गेले. मग परत लाईनवर आले. पट्टी खालून फाटलेली होती, वायू तिथूनच निघून जात होता.

भाऊंनी फोन माझ्या हातात दिला. "अक्कांना बोलाव. तुमच्या भाषेत तूच सांग."

मी म्हटलं, "अक्का, तू खरी शेस."

"ते माले पहिलेच माहीत व्हतं," अक्का म्हणाल्या. "आते मी हाऊ फोन मालकना हातमा देस. त्यासले पुन्हा एकदाव सांग, जोरमा."