उजवीकडे म्हणजे कुणाच्या?

राजरत्न काळाचौकीचे. वडील गिरणीत होते. हे गवंड्याच्या हाताखाली घमेली उचलत वर आले आणि आता दादर-परळकडे घरदुरुस्तीची कंत्राटं घेतात. चार ठिकाणची कामं त्यांच्या फोनवरच चालायची. प्रत्येक सूचनेच्या शेवटी ठरलेलं "समजलं ना?" पलीकडून "हो शेठ" आलं की पुढचा नंबर.

आमच्याकडचं काम लहानच होतं, पण त्याला तारीख होती. सासूबाईंचा डावा हात अर्धांगाने गेला होता. रविवारी त्या हॉस्पिटलातून घरी यायच्या होत्या, आणि त्यांनी मला एकच गोष्ट बजावली होती: संडासात मला धरायला कुणी यायचं नाही. म्हणून कमोडवर बसल्यावर उजव्या हाताशी येईल असा दांडा भिंतीत पक्का बसवायचा होता.

राजरत्नांनी कुशाबा गवंड्याला फोनवर सांगितलं, दांडा उजवीकडे. कुशाबाने दारात उभं राहून उजवीकडची भिंत फोडली, दांडा गाडला, वर टाइल्सही सुबक बसवल्या.

शनिवारी राजरत्न बघायला आले. कमोडचं झाकण लावून त्यावर बसले, डावा हात पाठीमागे धरला आणि उठायला गेले. दांडा नेमका लुळ्या हाताच्या बाजूला. कुशाबा म्हणाला, "शेठ, तुम्हीच उजवीकडे म्हणालात."

राजरत्न उठून बाहेर आले. मग मला म्हणाले, "वहिनी, तो चुकला नाही. मी नुसतं 'उजवीकडे' म्हणालो. आईंच्या जागेवरून बोलायला हवं होतं."

सासूबाईंचं येणं बुधवारवर गेलं. ते सांगायला राजरत्न स्वतः हॉस्पिटलात आले. सासूबाई गिरगावात तीस वर्षं शिक्षिका होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वर्गात मी 'समजलं का' कधी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "सगळे 'हो बाई'च म्हणतात. एकाला उभं करायचं आणि म्हणायचं, आता तू सांग."

राजरत्नांनी मान हलवली. सासूबाईंना खुर्चीत बसवून उजवा हात पुढे करायला सांगितला आणि जमिनीपासून पंजापर्यंतची उंची सुतळीला गाठ मारून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुशाबाला कमोडवर बसवलं, सुतळी हातात दिली आणि स्वतः गप्प उभे राहिले. कुशाबानेच खडूने खूण केली, यावेळी योग्य भिंतीवर. मग छिन्नी लागली. पुढे हीच त्यांची रीत झाली. आता ते "समजलं ना?" विचारत नाहीत, "दाखव" म्हणतात. तोडून परत करायची कामं पुष्कळ कमी झाली, असं कुशाबाच सांगतो.

बुधवारी सासूबाई आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. बाहेर मी उभी होते, राजरत्नही. बऱ्याच वेळाने आतून एकच शब्द आला, "जमलं."

राजरत्नांनी चपला घातल्या आणि पुढच्या कामावर गेले.