सभेत वर गेलेला एक हात

तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो आणि मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सेक्रेटरीपदाने डोकं दुखतं, हे ठाऊक होतं. लकवा मात्र म्हाताऱ्यांना होतो, अशी माझी समजूत होती.

सिगारेट सोडायचा माझा प्रयत्न चालला होता. ऑफिसातल्या मित्राने एक चमकदार पाकीट दिलं, आत वाळलेला पाला.

"हर्बल आहे, यार. गांजासारखं, पण गांजा नाही. टेस्टमध्येही येत नाही."

हर्बल वस्तूला टेस्टपासून लपायची काय गरज, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं, "चव कशी आहे?"

दोन-तीनदा ओढून पाहिलं, काही झालं नाही. मग एका रविवारी सकाळी, वार्षिक सभेआधी, गच्चीवरच्या टाकीमागे उभं राहून जरा जास्तच ओढलं. खाली आलो तेव्हा छाती धडधडत होती. विषयपत्रिकेवर पार्किंग होतं, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही.

मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला लागलो. तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखे शब्द येऊ लागले. मलाच ते कळेनात. कुणी हरकत घेतली नाही. मागून एकजण "मंजूर" म्हणाला, तर दुसरा अनुमोदन देऊन मोकळा झाला. उजव्या हातातला कागद पडला. उचलला, पुन्हा पडला.

तेव्हा तळमजल्यावरच्या बाई उठल्या. आयुष्यभर नर्स होत्या, सभेत कधी बोलायच्या नाहीत. माझ्यासमोर येऊन म्हणाल्या, "हस बघू."

मी हसलो. अर्धाच हसलो असणार, कारण त्यांचा चेहरा बदलला.

"दोन्ही हात वर कर."

डावा गेला, उजवा जागचा हलेना. अध्यक्षांनी वहीत पाहत विचारलं, "हा कुठल्या ठरावाला?"

"ठराव नाही, ओ. याला पॅरालिसिसचा अटॅक आलाय. गाडी काढा."

अध्यक्षांच्या गाडीपुढे ज्यांची गाडी कायम आडवी असते, ते गृहस्थ पळत गेले आणि मिनिटभरात त्यांनी ती काढली. तीन वर्षांच्या पत्रव्यवहाराने जे झालं नव्हतं, ते मी वाकड्या तोंडाने पाहिलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "काही नशा वगैरे?"

सोबत आलेली आई ताठ झाली. "माझो झील सुपारीचा खांड पण खाणा नाय."

मला 'पाकीट' म्हणायचं होतं. तोंडातून "पापड" आलं.

"पापड खाल्ल्यान," आईने लगेच सांगितलं. "सकाळी, पेजेवांगडा. उडदाचो."

डॉक्टर खरंच लिहू लागले. पाकीट उजव्या खिशात होतं आणि डावा हात तिथवर पोचेना. मी वळवळत होतो, आई रुमाल पुढे करत होती. शेवटी सोबत आलेल्या तळमजल्यावरच्या नर्सबाईंनीच खिशात हात घातला. पाकीट उलटून त्यांनी मागचं बारीक अक्षर वाचलं. "यावर लिहिलंय, माणसांनी सेवन करू नये."

"मगे ह्येणां कित्याक घेतल्यान?" आईने डॉक्टरांनाच विचारलं.

डॉक्टर म्हणाले, पाला नुसता दाखवायला. त्यावर प्रयोगशाळेत बनवलेलं रसायन फवारतात, कुठलं आणि किती, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. गांजापेक्षा कितीतरी कडक असू शकतं. फिट येते, भ्रम होतो, मेंदूची रक्तवाहिनी आवळते, गुठळी अडकते. माझी लघवीची तपासणी खरोखरच स्वच्छ आली. पाकीट सापडलं नसतं, तर कारण कळलंच नसतं.

वेळेत पोचलो म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं. चेहरा आठवड्यात सरळ झाला, बोलणं सुधारायला तीन महिने लागले. आईने नातेवाईकांत आणि शेजाऱ्यांत 'मीटिंगचं टेन्शन' असं सांगितलं, आणि सोसायटीत त्यावर सगळ्यांचा लगेच विश्वास बसला.

घरी आल्यावर मी पहिला फोन त्या मित्राला केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "पण मजा तर आली ना?"

मला एक शिवी द्यायची होती. तिच्यात 'ळ' नव्हता, 'क्ष' नव्हता, तरी ती पूर्ण व्हायला बराच वेळ लागला. त्याने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग हळूच म्हणाला, "माझ्याकडे अजून दोन पाकिटं आहेत. फेकून देतो."

फेकली की नाही, मला माहीत नाही. माझी उजवी करंगळी अजून बधिर असते आणि शर्टाची बटणं मी डाव्या हाताने लावतो.